तिरक्या रेघेची शिस्त

मला विस्कळीत काही दिसलं की डोकं फिरतं. आमच्या समाजाच्या मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट मी जे. पी. नगरमधल्या घरातून सांभाळते. तिथल्या काही पानांच्या पत्त्यांच्या शेवटी तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, होती, काहींच्या नव्हती. सर्व्हर ही दोन वेगळी पानं धरतो. अर्जांच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी नियम लावला: रेघेशिवाय कुणी आलं की त्याला रेघेच्या पत्त्यावर पाठवायचं. अशा दिवशी चालत्या गोष्टीला हात लावू नये, हे मला माहीत होतं. तरी लावला.

दुपारी निपाणीकडच्या एका मुलीचा फोन आला. तिला इथे नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, वडिलांबरोबर ती शहरात आली होती, पण राहायला जागा नव्हती.

"अक्का, बटण दाबलं की सगळं जातंय बघा. फॉर्म कोराच येतोय."

"नीट भर. सगळ्यांचा जातो," मी न बघताच ठोकून दिलं.

तिचे आणखी दोन फोन आले. शेवटी वैतागून मी वसतिगृहाच्या सचिवांना, अण्णांना, म्हणाले, "तिला साधा फॉर्म भरता येत नाही." अण्णांनी ते जसंच्या तसं तिच्या वडिलांच्या कानावर घातलं. हे जमत नाही ती या शहरात एकटी काय राहणार, म्हणत वडील तिला घेऊन यशवंतपूर स्टेशनावर गेले. गावाकडची पाचची गाडी होती.

साडेचारला अण्णांचा फोन आला. "अक्का, सकाळपासून एकही अर्ज नाही. सगळं सरी, ठीक आहे ना?"

मी लगेच सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. माझा नियम माणसाला नव्या पत्त्यावर नेत होता, पण त्याने भरलेलं सगळं दारातच काढून घेत होता. एकाच फोनवरून अकरा वेळा अर्ज पाठवायचा प्रयत्न झाला होता. नियम काढला. अण्णांनी सगळ्यांसाठी मुदत एक दिवस वाढवली. गाडी मात्र कुणाला थांबवता येणार नव्हती.

मी त्या मुलीला फोन लावला, तो वडिलांनी उचलला. "तिने बरोबर भरला होता," मी म्हणाले. "चूक माझी."

"मला काय सांगताय? दुपारपासनं बोलून बोलून रडवलंय मी तिला. तिला सांगा."

त्यांनी तिला फोन दिला; चूक माझी होती आणि आता फॉर्म जातोय, हे मी तिला सांगितलं.

"मी अकरा वेळा भरला, अक्का," ती म्हणाली. "तुम्ही एकदा तरी बघायचं होतं."

"हो," मी म्हणाले. पाचला पाच मिनिटं असताना तिचा अर्ज आला. गाडी त्या दोघांना न घेता गेली.