एकच तारा द्यायचा होता

इंजिनिअरिंगला मी आणि माझा एक मित्र एकाच बाकावर बसायचो. पुढे सोलापुरातच राहिलो आणि दोघांनीही ऊस लावणाऱ्यांसाठी आपापलं वेगळं ॲप करायला घेतलं. कुणाच्या उसाला तोडणी टोळी कधी येणार, हे घरबसल्या कळावं, एवढंच त्याचं काम. त्याने फक्त अँड्रॉइडवर सुरू केलं आणि मोकळा झाला. मी मात्र हट्टाला पेटलो: आणीन तर आयफोनवरही, आणि एकाच दिवशी. का, तर माझ्या खिशात आयफोन होता. आमच्या गावी, श्रीपूरच्या बांधावर आयफोन कुणाकडे असतो, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

माझं अजून अर्धवट आहे, आणि त्याच्या ॲपचं नाव रसवंतीवरसुद्धा कानावर येतं. कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. रंग भडक आहेत, अक्षरं बटबटीत आहेत, असं मी सांगत सुटलो होतो. खरं तर ते मी उघडूनही पाहिलं नव्हतं, कारण माझ्या फोनवर ते चालतच नाही.

परवा गावी गेलो तेव्हा वडिलांचा फोन मागितला. त्यावर ते घ्यायचं आणि एकच तारा देऊन टाकायचा, असं ठरवलं होतं. पण ते तिथे आधीच होतं, आणि वडिलांनी त्याला पाच तारेही दिले होते.

वडील हसले. "उद्या टोळी येतीया, हितंच कळलं. लई सोपं केलंस की रं! गावभर सांगितलंय मी, माज्या पोरानं केलंय म्हणून."