कागदावरचं तोंड

आमच्या आत्यांचा आवाज बांध ओलांडून ओढ्यापलीकडं जायचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. लग्न होऊन मी काटेवाडीहून कळसला आले, तेव्हा त्या इंदापूरच्या बाजारात वांगी-दोडके घेऊन बसायच्या. गिऱ्हाईक पुढं निघून गेलं तरी त्यांच्या हाकेनं मागं वळायचं. मी अगदी उलटी. माझं बोलणं शेजारी बसलेल्या माणसालाही पुन्हा विचारावं लागायचं.

मी चित्रं काढायचे, हे सासरी कुणाला माहीत नव्हतं. माहेरी माहीत होतं, पण तिथंही तो विषय बंद झाला होता. दहावीत असताना गॅदरिंगच्या दिवशी शाळेनं मुलांची चित्रं भिंतीवर लावली होती. मी आईचं चित्र काढलं होतं. कांदे काढून ती उन्हातून घरी आली होती, पदर खांद्यावरून घसरला होता, तोंड उघडं टाकून दम खात ओट्यावर बसली होती. बाईंना ते फार आवडलं. त्यांनी ते दारासमोरच लावलं. गावातल्या बाया आईबरोबर बघायला आल्या आणि त्यातली एक आईला ओरडून म्हणाली, "अगं बया, ही तूच की गं! दात बग कसं काढल्यात!" सगळ्या हसल्या. आईही हसली. मी दाराआड उभी राहून बघत होते. घरी आल्यावर हंडा उतरवता उतरवता आई म्हणाली, "मला पुन्यांदा अशी काढू नगं. लोकांनी काय बगितलं माझं?"

ती रागावली असती तर मी विसरूनही गेले असते. पण हे म्हणताना तिनं पदर तोंडावर ओढला होता.

त्यानंतर मी माणसांची तोंडं काढणं सोडलं. कळसला आल्यावर दुपारी दार लोटून घ्यायचे आणि औषधांच्या दुकानातून मिळालेल्या जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढत बसायचे. तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, पत्र्याच्या डब्यात बंद करून चुलीत ठेवल्या की चित्रासाठी छान कोळसा व्हायचा. घागर, वासराचे कान, दारातल्या चपला, असलं काहीतरी काढायचं. सकाळी अंघोळीचं पाणी तापवताना तो कागद जाळात सारायचा. नवऱ्यानं एकदा बघितलं. "चांगलं काढतीस की," म्हणाला. मी म्हटलं, "कुनाला सांगू नका." त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आत्यांना मिसरीची सवय होती. गालात आतून फोड आला तेव्हा त्या "उष्णता झालीय" म्हणत राहिल्या आणि अंगावर काढलं. घास गिळवेना झाला तेव्हा आम्ही त्यांना बारामतीला नेलं, तिथून पुण्याला पाठवलं. कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डावा जबडा काढला, मांडीची कातडी घेऊन गाल शिवला. घरी आल्या तेव्हा डावीकडं चेहरा आत गेला होता, ओठ खाली ओढला गेला होता आणि तिथून सारखी लाळ गळायची. बोलणं इतकं अस्पष्ट झालं की सुरुवातीला मला काहीच उमगायचं नाही. हळूहळू कळायला लागलं. दुसऱ्या कुणाला फारसं कळत नसे, कारण दुसऱ्या कुणाशी त्या बोलतच नसत.

त्यांनी पहिलं काम केलं ते खोलीतला आरसा काढायला लावायचं. नाकापर्यंत पदर ओढून बसायच्या. जेवायच्या त्या खोलीत एकट्या, भिंतीकडं तोंड करून. घरातली सून म्हणून मलमपट्टी माझ्याकडं आली, त्यामुळं तो चेहरा मी रोज बघत होते. त्यांच्या पोटच्या मुलानं, माझ्या नवऱ्यानं, मात्र ऑपरेशननंतर तो बघितला नव्हता. बारामतीला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला तोच पिकअपमधून न्यायचा, पण पट्टी सोडायची वेळ आली की आत्या त्याला हातानं खूण करून बाहेर घालवायच्या. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहायचा.

पाहुणे यायचे. आजारी माणसाला बघायला जायची रीतच आहे. बाजारात आत्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं पाटी लावून बसणारी एक मावशी होती, ती तर सारखी यायची. आत्या तिलाही आत घेत नसत. एकदा ती परत गेल्यावर मला म्हणाल्या, "मला बगाया येत्यात का माझं त्वांड बगाया येत्यात?" निरोप सांगायला दारात मीच जायचे. मावशी म्हणायची, "बरं, बरं. झोपू दे तिला." आणि आणलेली भाजी ओट्यावर ठेवून निघून जायची.

त्या हिवाळ्यात आत्यांना एकटं सोडता येत नव्हतं. म्हणून मी दुपारी त्यांच्याच खोलीत बसायचे, आणि त्या डोळे मिटून पडल्या की कागद काढायचे. एके दिवशी खाटेवरून खाली लोंबणारा त्यांचा हात काढत होते. मान वर केली तर त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"काय करतीस?"

मी कागद पालथा घातला. त्यांनी हात पुढं केला. द्यावाच लागला. त्यांनी तो उजेडाकडं धरून बराच वेळ बघितला.

"माझा हात हाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्वांड काढ की."

"मी तोंडं न्हाय काढत, आत्या."

"आरशात बगायची माझी छाती न्हाय. तू काढ. कागदावर बगते."

आणि त्यांनी पदर खाली केला. रोज बघितलेला चेहरा होता, तरी मला तिकडं बघवेना. पट्टी करताना मी जखम बघायचे, कापूस बघायचे. चित्र काढायचं म्हणजे त्यांच्याकडंच बघायला हवं होतं. काढता काढता मी गालाची खोबण थोडी भरून काढली, ओठ जरा वर घेतला. चित्र दिलं तेव्हा त्यांनी एक नजर टाकली आणि परत केलं.

"ही कोन? माझी भैन दिसती. मी मागितलं ते काढ."

दुसरं काढायला मला दोन-तीन दुपारी लागल्या. या वेळी जसं होतं तसं काढलं. शिवणीच्या रेघा, आत बसलेला गाल, लोंबणारा ओठ, त्याच्यावरचा ओलेपणा. डोळ्यांनाही मी काही केलं नाही. ते दुखण्याआधीसारखेच रागीट होते, तसेच आले. आत्यांनी कागद घेतला आणि भिंतीकडं वळल्या. किती तरी वेळ पाठ हलत होती. मी चहा करायच्या निमित्तानं बाहेर गेले. परत आले तेव्हा कागद उशाखाली होता. "ह्यो जाळायचा न्हाय," एवढंच म्हणाल्या. म्हणजे मी कागद जाळते हेही त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या खेपेला बारामतीला गेलो तेव्हा पट्टी करणाऱ्या सिस्टरसमोर त्यांनी पिशवीतून ते चित्र काढलं. "सुनंनं काढलंय," त्या म्हणाल्या. सिस्टरला शब्द कळले नसावेत, पण चित्र कळलं. ती हातातला चिमटा ठेवून बघत राहिली. मग तिनं सांगितलं, की तिच्या घराजवळच्या हॉलमध्ये हौशी लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं आहे, तुमचं नाव देऊ का?

मी नको म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "का नगं?"

"लोक तुमाला नावं ठिवतील, आत्या."

"मला? मी कुठं जानार हाय तितं? तू भितीस."

खरं होतं. लोक चित्रात आत्यांना बघतील, पण मला त्यात मीच दिसेन असं वाटत होतं. ही बाई दुसऱ्याच्या दुखण्याकडं इतकं टक लावून बघते, बघून रेघा ओढते, हे सगळ्यांना कळेल. माझ्या आईला वाटलं होतं तसं आणखी कुणाला वाटेल. नवऱ्याला सांगितलं तर तोही भडकला. "आईचं तसलं त्वांड भितीला लावनार तू? गावानं बगायचं?" खोलीतून आत्यांनी पेला आपटला. आवाज त्यांचा चालत नव्हता म्हणून त्या पेला आपटायच्या. मी आत गेले. "त्याला म्हनावं, त्वांड माझं हाय," त्या म्हणाल्या. मी बाहेर येऊन तसंच सांगितलं. तो उठून शेताकडं निघून गेला.

सिस्टरला हो कळवल्यावर चित्राखाली माझं नाव घालायचं होतं. ते मला चित्रापेक्षा जड गेलं. आधी इतकं बारीक घातलं की सिस्टरनं पुन्हा घालायला लावलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्यांजवळ नणंद थांबली आणि नवरा मला घेऊन निघाला. आईपुढं त्याचं काही चाललं नव्हतं. हॉलमध्ये गणपती होते, घोडे होते, धबधबे होते. माझं चित्र कोपऱ्यात पंख्याच्या बटणांशेजारी होतं. सिस्टर म्हणाली, चित्राजवळच बसायचं, लोक विचारतात. मी खुर्चीत बसले आणि साडीच्या काठाशी चाळा करत राहिले. माणसं यायची, थांबायची, लगेच पुढं सरकायची. "ॲसिड टाकलंय काय हिच्यावर?" एकजण म्हणाला. एक बाई कुजबुजली, "असलं कशाला लावतात? पोरं भ्यायची." उठून रस्त्यावर जावं आणि मिळेल त्या गाडीनं घर गाठावं असं वाटत होतं. पण गाडीची किल्ली नवऱ्याकडं होती, आणि तो जागा शोधून पिकअप लावून आत्ताच आत येत होता.

तो चित्रासमोर आला आणि थांबला. आईचा हा चेहरा तो पहिल्यांदा बघत होता.

"डावीकडं काहीच न्हाय ऱ्हायलं?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"दुखतं का तिला?"

"दुखतं. बोलत न्हाईत."

त्यानं टोपी काढून तोंडावर धरली. सगळ्या लोकांसमोर तो तसाच उभा राहिला. मला त्याचा हात धरावासा वाटला, पण आम्हाला चारचौघांत तसली सवय नव्हती. तेवढ्यात कॉलेजमधली एक मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "हे कुणी काढलंय?"

"मी," म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं. ती "अच्छा" म्हणून चित्राकडं बघत राहिली. एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलंही नाही.

दुपारनंतर बाजारातली ती मावशी आली. नवऱ्यानंच तिला सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तिनं चित्राजवळ जाऊन गालावर बोट ठेवलं. कोळसा तिच्या बोटाला लागला. "एवढं झालं, आन् मला आत येऊ दिलं न्हाय," ती म्हणाली. परतताना ती आमच्याबरोबर कळसला आली. मला वाटत होतं, आज तरी आत्या तिला आत घेतील.

मी आत जाऊन सांगितलं. आत्यांनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. "चित्र बगितलं न्हवं? मंग झालं. जा म्हनावं."

मावशी गेली नाही. ओट्यावर बसून भिंतीला ऐकवावं तसं ती बाजारातलं सांगत राहिली. कोण कुठं बसतं, दोडक्याला काय भाव मिळाला, कुणाची सून नांदायला आली. मी खाटेशेजारी होते. आत्या जाग्या होत्या, आणि मावशी मध्येच थांबली की त्या मान उचलून दाराकडं बघायच्या. अंधार पडायला लागला तशी मावशी उठली.

त्यानंतर आत्यांनी मला विचारलं, "काय म्हनली मान्सं?" मी सगळं सांगितलं, ॲसिडचं, पोरं भिण्याचं, मुलानं तोंडावर टोपी धरल्याचं. काही गाळलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "भित्यात तर भिऊ दे," म्हणाल्या. "मीबी भ्याले हुते."

उन्हाळा संपायच्या आत त्या गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी मुलाला तोंड दाखवलं नाही, त्यानंही कधी हट्ट धरला नाही. भिंतीवर लावायला पाहुण्यांनी जुना फोटो निवडला, जत्रेतला, कपाळभर कुंकू लावलेला. मी विरोध केला नाही. चित्र कपाटात आहे. नवरा कधीमधी ते काढून बघतो आणि मला न सांगता परत ठेवतो.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. त्यानंतर आणखी दोन ठिकाणी चित्रं लावली. दोन्ही वेळा आदल्या दिवसापासून अन्न गेलं नाही. आता इंदापूरच्या बाजारात आत्यांच्या जागेवर मी बसते. मला हाक मारता येत नाही, त्यामुळं माल उशिरा खपतो.

मध्ये एकदा बाजार थंड होता तेव्हा मावशी म्हणाली, "माझं काढ की."

"घरी येऊन काढते, मावशी."

"घरी कशाला? हितंच काढ. मी काय पळून चाललीय?"

मी पिशवीतून कागद काढला. बघता बघता मागं माणसं जमली. कुणी खांद्यावरून वाकलं, कुणी म्हणालं नाक मोठं झालंय, कुणी म्हणालं न्हाय, तिचं हायच तेवढं. एक रेघ गालावरून घसरली, ती तशीच ठेवून मी पुढं काढत राहिले. मावशी ताठ बसली होती, आत्या बाजारात बसायच्या तशी, आणि तिचे डोळे भरून आले होते. तेही काढलं. तिनं कागद बघितला. वांग्यांच्या पाटीवर तो जपून ठेवला, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तागडी उचलली.