किल्ला पडतो कुठून

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की किल्लेदारकाका आधी घराभोवती एक चक्कर मारत. मग चहाचा कप हातात घेऊन, वास्तुशांतीला जमलेल्या पाहुण्यांसमोर यजमानाला विचारत, "घर छान आहे. पण पडणार कुठून, माहितेय का?" आमच्या न्यू जर्सीतल्या, पार्सिपनीच्या घराचीही त्यांनी अशीच पाहणी केली. समोरच्या दाराला दोन कुलपं, खिडक्यांना अलार्म, वर कॅमेरा, आणि गॅरेजमधून स्वयंपाकघरात येणारं दार मात्र नुसतं लोटलेलं. "तुम्ही सगळे गॅरेजमध्ये चपला काढता आणि ते दार लॉक करायचं विसरता," ते म्हणाले. "मराठी माणसाचं घर तिथून पडतं." पुढचा महिनाभर मी ते दार आठवणीनं लावलं, मग पहिले पाढे पंचावन्न.

त्यांचं आडनाव किल्लेदार नव्हतं, ते आम्ही पाडलेलं. ते मूळचे साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले, आणि पुढची सगळी हयात न्यू जर्सीत हृदयाचे डॉक्टर म्हणून काढलेले. "या देशात सगळं मिळतं गं, अळूची पानंसुद्धा मिळतात," ते म्हणत. "किल्ला तेवढा मिळत नाही." मग ती भूक ते मॉलवर, मंडळाच्या हॉलवर, शेजाऱ्यांच्या घरांवर भागवत.

माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघत. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत लोक हातात ताट घेऊन त्यांना आपापली दुखणी सांगायचे. काकांचा प्रश्न ठरलेला असे, "जिना चढताना बोलणं थांबतं का तुझं?" एकाचं थांबत होतं. त्याला काकांनी ताट खाली ठेवायला लावून थेट हॉस्पिटलात नेलं, म्हणून तो आज आहे. त्यांना मात्र कुणी कधी उलट विचारलं नाही. डॉक्टरांना काय विचारायचं, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

रिटायर झाल्यावर त्यांनी स्पेनचा ध्यास घेतला. मालागा शहरात आफ्रिकेतून आलेल्या मूर मुसलमानांनी बांधलेला किल्ला आहे, तो त्यांना बघायचा होता. काकूंना सोबत हवी होती आणि ॲन आर्बरला शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीनं, मृण्मयीनं, मला गळ घातली, म्हणून मीही गेले. निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, देअर इज अ लिफ्ट. प्लीज टेक इट."

"लिफ्टनं गड चढणारा मावळा बघितलायस कधी?" काकांनी विचारलं.

काकूंचे गुडघे धड नव्हते. त्या खालीच, पायथ्याच्या जुन्या रोमन थिएटरसमोर कॉफी घेऊन बसल्या. आम्ही दोघं चढू लागलो. ऊन कोवळं होतं, संत्र्याची झाडं होती, दगडी पाटातून पाणी वाहत होतं. पहिल्या दरवाजात काका थांबले. "बघ, वाट सरळ आत जात नाही, वळते. हल्ला करणाऱ्याची ढाल डाव्या हातात. वळला की उजवी बाजू उघडी पडते, आणि वरून बाण." मी ऐकतच राहिले. पुढच्या वळणावर ते पुन्हा थांबले, पुन्हा बोलले. मला वाटलं, आयुष्यभराची हौस फिटतेय माणसाची.

मग माझ्या लक्षात आलं, की दोन वळणांच्या मधे ते एक अक्षर बोलत नाहीत. तिसऱ्या दरवाजाशी त्यांनी भिंतीवर हात टेकला आणि काढला, तेव्हा दगडावर तळव्याचा ओला ठसा उमटला होता. ऊन अजून तापलंही नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काका, चढताना बोलणं थांबतंय तुमचं."

"हिवाळ्यात बर्फ काढत होतो, तेव्हापासून," ते म्हणाले. "टेस्ट केली असती तर मृण्मयीनं ट्रिप कॅन्सल केली असती. म्हटलं, आधी हा बघून घेऊ."

मला त्यांचा भयंकर राग आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, हा किल्ला शेवटी पडला कुठून?

"कुठूनच नाही. वेढा पडला होता. शहरातलं धान्य संपलं, माणसं उपाशी मरायला लागली, आणि आतल्यांनीच शरणागती पत्करली. तट शाबूत होते." त्यांनी समुद्राकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "ती लिफ्ट कुठंशी आहे?"

आम्ही लिफ्टनं उतरलो. खाली पोचताच मी काकूंना सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोरच मृण्मयीला फोन लावला. "फितूर झालीस," काका म्हणाले. परतीच्या विमानात ते माझ्याशी बोलले नाहीत.

घरी आल्यावर तपासण्या झाल्या. तीन रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलं. शनिवारी मृण्मयी येणार होती. गुरुवारी सकाळी काकू भाजी आणायला गेल्या, जाताना खुर्चीतून उठू नका म्हणून बजावून गेल्या. त्यांची गाडी वळल्यावर काका उठले आणि नेहमीसारखे घर बंद करत फिरले. पुढच्या दाराला कुलपं आणि साखळी. गॅरेजच्या आतल्या दाराला तर त्यांनी स्वतः बसवून घेतलेली जाड लोखंडी कडी होती, तीही त्यांनी आतून घातली.

काकूंनी परत येऊन फोन केला, तशी मी दोन घरं ओलांडून धावत गेले. त्या गॅरेजमध्ये उभ्या राहून दोन्ही हातांनी ते दार बडवत होत्या. मी बाजूच्या खिडकीतून पाहिलं. काका टेबलाजवळ जमिनीवर पडले होते आणि त्यांचा एक हात अजून हलत होता. खिडक्यांच्या काचाही त्यांनी न फुटणाऱ्या घेतल्या होत्या. मी कुंडी मारली, दगड मारला. साऱ्या पार्सिपनीत पडकी बाजू नसलेलं हे एकच घर होतं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी दार तोडलं तोवर हात हलायचा थांबला होता.

लवकर आत जाता आलं असतं तरी उपयोग झाला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी ते मानून घेतलं आहे. काकूंनी नाही.

पंधरा दिवसांनी सुतार नवीन दार घेऊन आला. जुनी कडी उचलून ती परत लावू का, असं त्यानं विचारलं. काकूंनी नकारार्थी मान हलवली. ते सेफ नाही मॅम, असं तो समजावू लागला, तेव्हा त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "त्याला सांग, या घराला पडायला एक जागा राहू दे."

आता मी तिकडे गेले की बेल वाजवत नाही. गॅरेजमध्ये चपला काढते आणि दार ढकलते.