अंदमानहून चोरलेला शंख

मी दोन दिवस एका खेकड्याला दुधाचा अभिषेक घालत होते. सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून, हात जोडून. वर हळद-कुंकूही वाहिलं होतं. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. मीही हसते. पण गोष्ट शेवटाकडे यायला लागली की मी चहा टाकायला उठते. तो शेवट त्यांना अजून सांगितलेला नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. हे अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले, आम्ही बदलापूरच्या खरवईला नवा फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीच्या आधी एका यात्रा कंपनीबरोबर अंदमानला गेलो. तेव्हाच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस, डोळ्यांवर भाचीचा गॉगल, आणि कुणी काही समजावून सांगायला लागलं की "माहितीय हो" म्हणायची खोड.

आमचा गाइड तिथलाच, बंगाली घरातला तरुण. बोटीत तो सांगत होता, की इथला एक धनेश पक्षी एकाच बेटावर राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. एक खेकडा नारळाच्या झाडावर चढतो. समुद्राच्या तळाशी गवत चरणारी गाय असते. मी यांना कोपरानं ढोसून म्हटलं, "थापा मारतोय."

दुपारी त्यानं आम्हाला एका लहान बेटाच्या किनाऱ्यावर नेलं. पांढरी वाळू, आणि त्या वाळूवर शंख चालत होते. खरंच चालत होते. सुपारीएवढे, लिंबाएवढे, एखादा मुठीएवढा. मागे हातशिलाईच्या टाक्यांसारखी बारीक नक्षी उमटत होती. गाइडनं एक उचलून दाखवला. आत खेकडा. त्याचं मागचं अंग मऊ, उघडं असतं, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो. वाढला की मोठा शंख शोधतो. पुढे एक जण शंखाऐवजी बाटलीचं निळं झाकण पाठीवर घेऊन चालला होता.

"अय्या, याला टू बीएचके द्या गं कुणीतरी!" आमच्यातली एक म्हणाली.

"बदलापूरला पाठवा," मी म्हटलं. "स्टेशनपासून लांब चालत असेल तर स्वस्तात मिळेल."

सगळ्या हसल्या. गाइड हसला नाही. म्हणाला, "आंटी, लोग शंख उठा के ले जाते हैं, इसलिए ये ढक्कन में रहता है. आप लोग कुछ मत उठाना. मना भी है."

"माहितीय हो," मी म्हटलं. आणि तो वळल्यावर पायाजवळचा एक मुठीएवढा, गुलाबी तोंडाचा शंख उचलून पिशवीत टाकला. नव्या देवघरात शंख हवाच होता. बाजारातला कशाला, समुद्रानं स्वतः दिलेला असावा, असं माझं तर्कशास्त्र. आत डोकावूनही पाहिलं नाही. हॉटेलवर तो रुमालात गुंडाळून चिवड्याच्या डब्यात घातला आणि झाकण घट्ट लावलं. विमानतळावर तपासणीतून बॅग सुटली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला!

घरी आल्यावर तो देवघरात तांदळाच्या ताटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर तांदूळ विस्कटलेले आणि शंख बाळकृष्णाला टेकलेला.

"उंदीर असेल गं," हे म्हणाले.

"नव्या बिल्डिंगमध्ये उंदीर?"

तासाभरात सगळ्या मजल्यांना कळलं, की आमच्याकडे शंख चालतो. बायका ओटी घेऊन आल्या. दूध, तूप, मध, सगळं झालं. कुणी मुलाचं लग्न मागितलं, कुणी सुनेची नोकरी. वाळूवर चालणारे शेकडो शंख मी आठवड्यापूर्वी या डोळ्यांनी पाहिले होते. तरी आत खेकडा असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. देव माझ्याकडे आला, हे पटायला इतकं सोपं होतं.

अभिषेकाच्या तिसऱ्या सकाळी जवळच्या चामटोली गावची भाजीवाली आली. टोपली उतरवून तिनं आत डोकावलं. "वयनी, यो देव कसला? यो त खेकरा हाय. बग, पाय कसा लोंबतंय. दुदान बुरवून मारशील त्याला."

यांनी चपला घातल्या आणि रिक्षानं उल्हासनगर गाठलं. तिथे शोभेच्या माशांचं दुकान होतं, म्हातारे सिंधी दुकानदार जाणकार होते. मोबाइल होते, यांना फोन करून मला विचारता आलं असतं. पण मी थांबते कशाला? खेकडा समुद्राचा, म्हणजे त्याला खारं पाणी हवं. बादली भरली, मूठभर मीठ टाकलं आणि शंख बुडवला.

थोड्या वेळानं तो हळूहळू शंखाबाहेर आला. पूर्ण बाहेर. मऊ, फिकट, बोटाएवढा वाकडा जीव. मी भाजीवालीला म्हटलं, "बघ, बरं वाटलं त्याला!" ती बादलीपाशीच बसून राहिली.

हे ओल्या वाळूची पिशवी घेऊन आले. धापा टाकत दारातूनच म्हणाले, "पाण्यात घालू नकोस हं. तो किनाऱ्यावरचा आहे, बुडून मरतो. ओली वाळू फक्त."

मग त्यांनी बादलीतल्या निपचित जिवाकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.  रागावले असते तर बरं झालं असतं.

मी त्याला शंखासकट केळीच्या पानावर ठेवलं. नदीवर नेऊन नीट विसर्जन करावं, दोन फुलं वाहावीत, असं काहीतरी पुटपुटत होते. भाजीवाली टोपली डोक्यावर घेताना म्हणाली, "जिता व्हता तवा त्याला कोनी इचारला नाय, तुला कुठं जावाचा हाय. आता नदीन सोर नायतर मातीन पूर, त्याला काय?"