दार लावल्यानंतर

आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की पार्किंगमध्ये सगळे काका तिच्याभोवती जमतात. परवा कुलकर्णीकाकांची आली. बॉनेटवर हार होता, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"मायलेज किती देते?"

"मायलेज बघणाऱ्यानं स्कूटर घ्यावी, राव! पिकअप बघा."

"पिकअप सोडा, दाराचा आवाज ऐका. गाडी तिथंच कळते."

मी जिन्यापाशी उभी राहून ऐकत होते. कुलकर्णीकाका म्हणाले, "अगं, लाजतेस काय? बस की आत!"

मी बसले आणि दार ओढून घेतलं. एक भरीव आवाज झाला आणि बाहेरचं बोलणं ऐकू येईनासं झालं. नुसते ओठ हलत होते. आमच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो; फोनवर बोलायचं तर मला गच्चीवर जावं लागतं. एवढी शांतता एकटीच्या वाट्याला कधी आली नव्हती. गाडी कुठेही गेली नसती तरी मला चाललं असतं. या काकांनाही मनातून हेच आवडत असेल का? तसं कुणी बोलत मात्र नाही.

काकांनी काचेवर टकटक केली.

दार उघडायचं हँडल मला समोर दिसत होतं. तरी मी थोडा वेळ ते शोधत राहिले.