‘मायची पुण्याई’ कापताना

यंत्र आले तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. औशाहून आईने फोनवर बजावले, “सर्वपित्री होईस्तोवर खोक्याची पट्टीसुद्धा सोडू नको, माय.” म्हणून ते लांबट खोके दुकानाच्या भिंतीला टेकून उभे राहिले. दुकानात नव्या पुठ्ठ्याचा कोरडा वास भरला. माझे पती येता-जाता त्याच्यावरून तळहात फिरवीत, झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

नांदेडात, लातूर रस्त्याच्या कडेला आमचे रेडियमचे दुकान आहे. गाड्यांवर चिकटवायच्या रंगीत विनाइलला आमच्याकडे सर्रास रेडियमच म्हणतात. माझे पती ते हाताने कापत. काचेवर विनाइलची पट्टी अंथरायची, पातळ पात्याची सुरी बोटांत धरायची आणि एका श्वासात अक्षराचे वळण पूर्ण करायचे. कंधारच्या घाटापासून देगलूरच्या बाजारापर्यंत कितीतरी टेंपो त्यांचे अक्षर मिरवीत हिंडले. मग साखरेच्या आजाराने डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरले. आता त्यांना उजेड कळतो, माणसाची सावली कळते; अक्षर कळत नाही. मी इथल्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर कविता शिकवीत असे. ते सोडून मी दुकानात येऊन बसले आणि हाताची जागा घेईल म्हणून हे कटर मागवले.

कंधारकडच्या एका शेतकऱ्याने नवा ट्रॅक्टर घेतला होता. त्याच्या घरच्या प्रत्येक गाडीवर यांचाच हात फिरलेला. तो म्हणाला, “वहिनी, लई न्हाई, दोनच शब्द हायेत. मायची पुण्याई. खंडेनवमीला पूजा हाय, तवर पाहिजे.”

तो गेल्यावर यांनी शांतपणे सांगितले, “हे जमलं तर दुकान चालवू. न्हाई जमलं तर दसऱ्याला किल्ली मालकाला देऊन देगलूरला भावाकडं जाऊ. उगं लोकांच्या गाड्या नासवायच्या न्हाईत.”

घटस्थापनेच्या सकाळी आई औशाहून बसने आली. आम्ही यंत्र स्टँडवर चढवले. आईने त्याला हळदकुंकू वाहिले, कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या, नारळ फोडला. अक्षता टाकताना तिची मूठ नेहमीच सैल. तांदूळ पत्र्यावर टपटपले, फरशीवर नाचले. कापराचा आणि प्लास्टिकचा वास एकमेकांत मिसळला. दुपारच्या बसने ती परत गेली, आणि मी यंत्रासमोर एकटी उरले.

पहिले दोन दिवस संगणकाला यंत्र दिसतच नव्हते. केबल काढायची, लावायची, पुन्हा काढायची. लातूरचा विक्रेता फोनवर म्हणे, “मॅडम, पोर्ट बदला.” मी पोर्ट बदलले. मग दिसले, तर पात्याने विनाइलखालच्या कागदासकट सगळे आरपार कापले. पाते आत घेतले, तर विनाइलवर नखाने ओढावा तसा नुसता पांढरा ओरखडा. दाब वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. कापलेल्या अक्षराभोवतीचा नको असलेला भाग सोलून काढायचा असतो. मी सोलायला घेई आणि अक्षरही त्याच्याबरोबर उचकटून येई, जखमेवरची पट्टी काढताना खपली यावी तसे. फरशीवर लाल विनाइलच्या चिंध्या साठत गेल्या. यांना त्या दिसत नव्हत्या, पण पायाखाली येत.

“झालं का?” ते विचारीत.

“होतंय,” मी म्हणे.

अखेर दाब जमला, तर रेघ तिरकी जाऊ लागली. साधा चौकोन दिला तरी त्याचा शेवट सुरुवातीला भेटत नसे. पट्टी पुढे जाऊन मागे येई तेव्हा डावीकडे कलंडत असे. मी ती शंभरदा सरळ केली असेल. विक्रेता म्हणाला, “सेटिंग रीसेट करा.” केले. म्हणाला, “पट्टी घट्ट बसवा.” बसवली. मग त्याने फोन उचलणेच बंद केले.

ललितापंचमीच्या संध्याकाळी मी मागच्या बाजूला चहा करत होते. पडद्यापलीकडून यांचा आवाज आला. देगलूरला भावाशी बोलत होते. “खोली झाडून ठेव. माझं काय, मी कुठंबी बसंन. तिला पुस्तकं ठेवायला एक फळी ठोक.” चहा उतू गेला आणि मी तसाच जाऊ दिला. जळक्या दुधाचा वास नाकात बसला. त्या एका फळीने माझे सगळे बळ काढून घेतले. त्यांनी मनातल्या मनात दुकान बंद केले होते, आणि त्या बंद दुकानात माझ्या पुस्तकांसाठी जागासुद्धा शोधली होती.

दुसऱ्या दिवशी मी काही दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही. यंत्र चालू केले आणि डोळे मिटून बसले. वर्गात एखाद्या मुलीने कविता वाचली की मी अशीच बसत असे. शब्द कळण्याआधी लय कुठे मोडते ते कळे. यंत्र पुढे गेले: सर्रर्र. मागे आले: सर्रर्र, टक. पुढे, मागे, टक. डाव्या अंगाला दर वेळी एक मात्रा जास्त.

पट्टी दाबून धरणारे दोन रोलर असतात. डावा मी खटका उचलून वर केला. त्याच्या स्प्रिंगच्या खोबणीत काहीतरी लालसर अडकले होते. सुईने टोकरले तर ते हातावर पडले. तांदळाचा दाणा. कुंकवाने रंगलेला, अर्धा चिरडलेला. त्याच्यामुळे खटका पुरता खाली बसतच नव्हता.

मी तो यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चिमटीत धरून चाचपला, नाकाशी नेला.

“अक्षता?”

“आईची.”

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. “सासूबाईचा आशीर्वाद हाय. जरा जास्तच दाबून बसला.”

चौकोन चौकोनासारखा आला. मी इंग्रजीत ‘टेस्ट’ असे लिहून कापले, तेही स्वच्छ आले. मला वाटले, सुटले. मग ‘मायची पुण्याई’ कापायला दिले, सोलायला घेतले, आणि शब्दाचा भुगा झाला. ‘मा’ एकीकडे, ‘य’ दुसरीकडे. शिरोरेषेचे इवले इवले तुकडे माझ्या नखांना चिकटून आले. पुन्हा कापले, पुन्हा तेच. पाते नवे घातले तरी तेच. विक्रेत्याने अखेर फोन उचलला आणि म्हणाला, “मॅडम, इंग्लिशमध्येच टाका ना. ट्रॅक्टरवर आजकाल इंग्लिशच चालतं.”

फोन ठेवला. दाराबाहेर देवीच्या मंडपातून गाण्यांचा दणदणाट येत होता आणि मी फरशीवर बसून लाल तुकड्यांमध्ये रडत होते. हा माणूस एका श्वासात जी रेघ मारी, ती मला इतक्या साधनांनिशी साधत नव्हती. मी त्यांना म्हणाले, “उद्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करा. दुसरीकडून करून घ्या म्हणावं.”

ते काचेपाशी आले. काचेवर बोटाने अक्षर काढू लागले, नुसत्याच बोटाने, सवयीने. सगळी अक्षरे आधी खाली. मग डावीकडून उजवीकडे वर एकच लांब रेघ. कापतानाही ते तसेच करीत हे मी वर्षानुवर्षे पाहत आले होते. माझी नजर त्या बोटामागे गेली आणि तिथून संगणकाच्या पडद्यावर.

संगणकावरचा शब्द मी मोठा, आणखी मोठा केला. तेव्हा दिसले. प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा स्वतःबरोबर घेऊन आले होते आणि शेजाऱ्याच्या शिरोरेषेवर थोडेसे चढून बसले होते. डोळ्याला ती एक रेघ दिसे. पात्याला मात्र प्रत्येक जोडाशी दोन कडा दिसत, आणि ते दोन्ही इमानाने कापून टाकी. इंग्रजी अक्षरे सुटी उभी असतात, म्हणून ‘टेस्ट’ शाबूत राहिला होता. अक्षरे आधी एकमेकांत विरघळवायला हवी होती. तशी आज्ञा संगणकात आहे हे शोधायला अष्टमीची सगळी सकाळ गेली. ती दिली आणि जोडांवरच्या आडव्या रेषा पाण्यात मीठ विरावे तशा नाहीशा झाल्या.

या वेळी सोलताना मी दोनदा थांबले. नको असलेला भाग एका लांब, हलक्या फाटण्याच्या आवाजासह निघून आला. मागे दोन शब्द उरले. अखंड.

खंडेनवमीच्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेला ट्रॅक्टर दाराशी उभा राहिला. मी अक्षरे बॉनेटवर चिकटवली, फडक्याने बुडबुडे काढले. मग हे उठून आले. शेतकऱ्याने त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. ते शिरोरेषेवरून तर्जनी नेऊ लागले, अगदी सावकाश. प्रत्येक अक्षराच्या जोडाशी बोट थबके, नखाने चाचपे, पुढे सरके. 

“जोड लागत न्हाई हाताला,” ते म्हणाले.

शेतकरी खूश झाला. “भाऊ, दिवाळीला ट्रॉली आणतो. तुम्हाला सांगू का वहिनीला?”

“वहिनीला सांग.”

आत आम्ही हत्यारांची पूजा मांडली. दर वर्षी पाटावर मधोमध त्यांची सुरी असे. यंदा त्यांनी ती फडक्याने पुसली, पाटाच्या कडेला ठेवली आणि खिशातून दुकानाची किल्ली काढून मधल्या रिकाम्या जागी ठेवली.

“पूजा झाली की तूच उचल,” ते म्हणाले. “आणि अक्षता मी टाकतो. तुझ्या मायवानी उधळत न्हाई.”

त्यांनी चिमूटभर अक्षता घेतल्या आणि चाचपत, एक दाणाही इकडेतिकडे न जाऊ देता, सुरीवर ठेवल्या. तिथून त्यांचा हात किती तरी वेळ हलला नाही.