दुपारनंतरचा माल

“चुना माणसासाठी थांबतो, म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे,” असं कौतिक मिस्त्री एकदा म्हणाले होते. तेव्हा ते साठीला टेकले होते, आणि त्यांच्या हातची एकही भिंत नाही अशी गल्ली बऱ्हाणपुरात शोधावी लागली असती.

चुना मळायच्या घाण्याचे बैल हाकण्यापासून त्यांची सुरुवात झाली. मग थापी हातात आली. राजघाटाच्या खचलेल्या पायऱ्या, कापसाची गोदामं, निंबोला गावच्या केळीवाल्यांची घरं असं करत ते ठेकेदार झाले, पण ओळंबा काही खिशातून गेला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी हात खिशाकडे जायचा, आणि यजमान आपल्या भिंतीकडे जरा काळजीने बघायचा.

गवंड्यांचं मंडळ त्यांनीच उभं केलं. एका पुलाच्या कामावर गारा वाहणाऱ्या बायांची लेकरं उन्हात पडलेली त्यांनी पाहिली आणि सगळ्यांच्या थाप्या खाली ठेवायला लावल्या. बांबूच्या ताट्यांची सावली उभी राहिली तेव्हाच काम पुन्हा सुरू झालं. त्या दिवसापासून माणसं त्यांच्या मागे चालू लागली. मंडळाचे नियम तीनच होते. अमावस्येला काम नाही. दुसऱ्याचं अर्धवट काम त्याला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. आणि भिंत वाईट निघाली तर ज्याच्यामुळे निघाली त्याने ती सगळ्यांदेखत आपल्या हाताने उतरवायची. मग वर्षभर थापी धरायची नाही. अकरा वर्षांत हा तिसरा नियम दोनदा लागला. दोन्ही वेळा त्या माणसापुढे पहार ठेवली ती कौतिक मिस्त्रींनी.

छप्पन साली नकाशा बदलला. नागपूरकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी कागद भोपाळहून येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग कामं आली. शाळा, दवाखाने, सगळं सिमेंटचं. निंबोल्याच्या शाळेचं काम मंडळाला मिळालं तेव्हा मिस्त्रींनी पेढे वाटले होते.

त्याच शाळेची एक भिंत वाईट निघाली. ओव्हरसियरने सांध्यात खिळा फिरवला तर रेती भुरभुर खाली आली.

अमावस्येच्या दुपारी शनवारा वेशीजवळच्या खोलीत मंडळ जमलं. पहार निंबापुढे ठेवली होती. निंबा तिशीचा गवंडी, नेपानगरच्या कामावर सिमेंट शिकून आलेला. सोमवारपासून तिथेच मुकादम म्हणून त्याला घेणार होते, पण त्यासाठी मंडळाची चिठ्ठी लागत होती. आज त्याचं नाव सरकारकडे गेलं तर चिठ्ठी गेली.

मंडळाचा चिटणीस मधुकर सरकारी पत्र वाचत होता. “‘दोषी कारीगर का नाम तत्काल भेजा जाए.’ म्हणजे नाव पायजे त्यांना.”

“तत्काल म्हणजे कधी रे भाऊ?” गारा कालवणाऱ्या सरुबाईने विचारलं.

“लगेच.”

“दीड महिना भिंत पाहाले कोणी फिरकलं नाई, अन् नाव लगेच!”

माणसं हसली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांना भिंत बांधली त्या दिवसाची दुपार दिसत होती. जेवणं उरकली होती. घमेल्यांमधला सिमेंटचा माल आवळून आला होता. निंबा म्हणाला होता, “दाजी, हा गेला. सिमेंट थांबत नाही, फेकू द्या.” आणि आपण काय म्हणालो? “फेकतो? अरे, चुन्याचा माल आम्ही तीन-तीन दिवस ओला ठेवून वापरलाय. पाणी टाक, कालव.” निंबा क्षणभर थांबला होता. मग त्याने पाणी मागवलं होतं. कौतिक मिस्त्रींना नाही म्हणणारा गवंडी बऱ्हाणपुरात नव्हता, हेही त्यांनीच इतक्या वर्षांत बांधलं होतं.

भिंत उठली, ओळंब्यात अगदी सरळ. डोळ्याला काही दिसलं नाही. चाळीस वर्षं ज्या हातांना माल बोटांवर घेताच कळायचं, त्या हातांना त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं. अध्यक्षाची खुर्ची गेली असती तर चाललं असतं. हातच परके झाले, हे चारचौघांत कसं सांगायचं?

“निंबा,” मधुकर म्हणाला, “भिंत तुझी?”

“माझी.”

“माल?”

निंबा पहारीकडे बघत राहिला. “तोही माझाच.”

“पाणी त मी ओतलं होतं,” सरुबाई एकदम बोलली. “अन् कोणाच्या सांगण्यावरून ओतलं ते...”

“राहू दे ना, सरुबाई.”

“काबर राहू दे? तुह्या पोटावर पाय येऊन राहिला अन् तू...”

“राहू दे म्हटलं ना.” निंबाने मान वर केली, पण मिस्त्रींकडे पाहिलं नाही. ते न पाहणं मिस्त्रींना स्पष्ट कळलं. त्यांना कोणी दोष देत नव्हतं. त्यांना सांभाळून घेत होते, जसं ओल्या भिंतीला टेकू लावून सांभाळतात.

मधुकरने टाक दौतीत बुडवला.

“दाजी, अध्यक्ष तुम्ही आहात,” तो म्हणाला. “सांगा, काय नाव लिहू?”

कौतिक मिस्त्री खुर्चीवरून उठले. गुडघे धरत निंबापर्यंत गेले, वाकले आणि त्याच्यापुढची पहार उचलली. एका हाताने पेलेना, म्हणून दुसरा हात लावला. निंबा उठायला लागला तशी त्यांनी पहारीसकट कोपर आडवं धरून त्याला बसवलं. मग दारात चपला पायात सरकवल्या आणि निंबोल्याच्या शाळेच्या वाटेला लागले.